दोरी आणि शिट्टी: हट्टी कारवान पिल्लाला बोलावल्यावर यायला शिकवलं, सात महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोरी जूनच्या पहिल्या आठवड्यात घेतली, आता निम्मा जानेवारी संपला, म्हणजे सात महिने रोज वापरून मग लिहितेय. १५ मीटरची चपटी नायलॉनची दोरी, छातीला बांधायचा पट्टा आणि एक प्लास्टिकची बिनगोळीची शिट्टी, तिन्हीचे मिळून ११४० रुपये गेले. पैसे वसूल झाले का, तर झाले. पण नुसती दोरी घेतल्यानं काही होत नाही, पहिला सव्वा महिना मी ती चुकीचीच वापरली आणि तेवढ्या दिवसात कुत्रं जास्तच हट्टी झालं, म्हणून सविस्तर लिहितेय.

कुत्रं म्हणजे बाज्या, कारवान या शिकारी जातीचा नर, आता तेरा महिन्यांचा आहे. आमचा लातूरकडचा चाकूर तालुका, इथलं जानवळ गाव कारवान कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं, त्यामुळं आमच्याकडं हे कुत्रं कुणाला नवीन नाही, सासऱ्यांच्या लहानपणी पण दारात होतं. तीन महिन्यांचा असताना आणला तेव्हा इतका गुणी, मी चुलीपाशी बसले तरी पायाला चिकटून बसायचा, नुसतं "बाज्या" म्हटलं की धावत यायचा. मला वाटलं याला काय शिकवायचं, हे शिकलेलंच आहे. सहावा महिना लागला आणि सगळं फिरलं. हाक मारली की कान हलायचे, मान वळवून बघायचा, म्हणजे ऐकू येतंय हे दिसायचं, आणि तसाच पुढं निघून जायचा. लहान पिल्लू आपल्याजवळ असतं ते भीतीपोटी असतं, शिकल्यामुळं नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सहा महिने ते दीड वर्ष हे त्यांचं वयच तसं असतं.

मेच्या शेवटी एक दिवस तो शेतातून निसटला आणि लातूर-नांदेड हायवे ओलांडून पलीकडं गेला. मी अलीकडच्या कडेला, मधून ट्रक चाललेत, आणि तो पलीकडं उभा राहून माझ्याकडं बघतोय. हाक मारावी का नाही हेच कळेना, कारण रोज येत नाही ते नेमकं आजच ऐकून मधी घुसलं तर काय करायचं. मी हाक मारलीच नाही, नुसती उभी राहिले. दहा मिनिटांनी रस्ता रिकामा दिसला तसा तो त्याच्या मनानं आला. त्याच रात्री मोबाईलवर दोरी मागवली.

सल्ले तर खूप मिळाले. आबा म्हणजे माझे सासरे, ते म्हणाले, "अगं दोन दिस उपाशी ठेव, येतंय की आपोआप." एका ओळखीच्यांनी करंटचा पट्टा सुचवला, बटन दाबलं की गळ्याला झटका बसतो तो. मी घेतला नाही आणि कुणी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. झटका बसताना समोर जे असेल, शेळी असू दे नाहीतर लहान पोरगं, त्याच्याशीच कुत्रं तो झटका जोडतं. त्यात कारवान मुळातच बिचकणारी जात, तिचा विश्वास एकदा गेला की परत मिळवायला लई दिवस लागतात.

आता दोरीचं. पहिल्या आठवड्यात मी दोरी गळपट्ट्याला अडकवली, हाताला दोन वेढे घेतले आणि माळावर गेले. "ये" म्हणायचं, नाही आला की ओढायचं, मला वाटायचं असंच असतं. तिसऱ्या दिवशी पायाजवळून टिटवी उठली आणि बाज्या सुटला. कारवान कसं सुटतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, तिसऱ्या ढांगेला त्याचा पूर्ण वेग लागलेला असतो. वेढे सुटत सुटत दोरी तळव्यातून घासत गेली, दोन बोटांची सालं निघाली, आणि शेवटचा वेढा अंगठ्यात अडकला तेव्हा तो गळ्याला हिसका बसून हवेतच उलटा झाला. संध्याकाळपर्यंत खोकत होता. मला चार दिवस भाकरी थापता येईना, पण जीव लागून राहिला तो त्याच्या गळ्याचा. या कुत्र्यांची मान लांब आणि बारीक, लांब दोरी गळ्याला कधीच अडकवायची नाही, छातीच्या पट्ट्यालाच, आणि तो पण पाठीवरच्या कडीला. दुसऱ्या दिवशी पट्टा आणला. हाताला वेढे घेणं बंद केलं आणि कापडी हातमोजे घालायला लागले.

तरी ओढणं चालूच होतं माझं. मग एक दिवस गुरांच्या डॉक्टरांकडं रेबीजच्या सुईला गेलो होतो तेव्हा ते म्हणाले, "ताई, दोरी ओढायला नसते, त्याला पळायची चटक लागू नये म्हणून असते." हे वाक्य डोक्यात बसलं. म्हणजे असं बघा, कुत्र्यानं तुमची हाक ऐकली, आलं नाही, आणि पुढं जाऊन त्याला मज्जा मिळाली, तर त्याचा न येण्याचा सराव झाला. रोज पाच वेळा असं झालं तर महिन्यात दीडशे वेळा तुम्हीच त्याला न यायला शिकवलं. दोरी असली की तो पुढं जाऊ शकत नाही, एवढंच तिचं काम. दोरी जमिनीवर सैल पडलेली पाहिजे, तो निघाला की नुसतं टोकावर पाय ठेवायचा, उभं राहायचं, काही बोलायचं नाही, आणि तो वळला की आपण उलट्या दिशेला पळायचं. आपण त्याच्या मागं पळालो की त्याला खेळ वाटतो, आपण त्याच्यापासून पळालो की तो मागं येतो, हे पहिल्याच दिवशी दिसतं.

दुसरी चूक "ये" या शब्दाची. मी विचार केला की मी त्याला "ये" कधी म्हणते, तर बांधायचं असतं तेव्हा, गोचिड काढायचे असतात तेव्हा, अंघोळीला, आणि काही चावलं-फाडलं की रागवायला. मग तो कशाला येईल, त्याचं बरोबरच होतं. तो शब्द मी सोडूनच दिला आणि त्याच्या जागी शिट्टी घेतली. शिट्टीचा फायदा हा की ती रागात वाजत नाही, मी वाजवा, आबांनी वाजवा, मुलानं वाजवा, कुत्र्याला एकच आवाज, आणि वाऱ्यात पण लांब जातो. सुरवातीला पोराची पीटीची गोळीवाली शिट्टी वापरून बघितली, पण थुंकी नाहीतर पावसाचं पाणी गेलं की आतली गोळी अडकते आणि नेमक्या वेळी नुसती हवा निघते. बिनगोळीचीच घ्या, नव्वद रुपयाला येते.

पहिले दहा दिवस शिट्टीनं बोलावलंच नाही. नुसतं दोन्ही वेळच्या जेवणाला शिट्टी दोनदा, पीप-पीप, आणि लगेच ताटली खाली. रशियातल्या पावलोवनं शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांवर दाखवलं ते हेच, आधी आवाज, मग खाणं, हाच क्रम पाहिजे, उलटा करून चालत नाही. अकराव्या दिवशी तो अंगणाच्या त्या टोकाला माती उकरत होता, मी आतून शिट्टी मारली तर धाडकन दारात हजर. मग अंगण, मग गोठा, मग धुरा म्हणजे शेताचा बांध, मग माळ, असं वाढवत गेले. प्रत्येक नव्या ठिकाणी अंतर परत पाच पावलांपासून सुरू करायचं, हे फार महत्त्वाचं आहे, कारण घरात शिकलेलं त्याला माळावर आठवेलच असं नाही.

खाऊला कोंबडीची कलेजी उकडून, तव्यावर थोडी कोरडी करून, हरभऱ्याएवढे तुकडे. पावशेर कलेजी चार-पाच दिवस जाते, डब्यात घालून फ्रीजमधी. मीठ-मसाला नाही. बिस्किटावर तो घरात यायचा पण माळावर बिस्किटाकडं बघायचा पण नाही, तेव्हा खाऊत कंजुषी करू नका. बेदाणे आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विष आहे, पोरं लाडानं देतात, त्यांना बजावून ठेवा.

आणखी एक, आला की आधी गळपट्ट्याला हात लावायचा, मग खाऊ, मग "जा" म्हणून सोडून द्यायचा. दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा सोडायचाच. हे मी लई उशिरा सुरू केलं. आधी तो यायचा पण दोन हातांवर थांबायचा आणि हात पुढं केला की मागं सरकायचा, कारण त्याला माहीत होतं की पकडला की खेळ संपला. नऊ वेळा सोडायला लागल्यावर दोन आठवड्यात स्वतःहून मान हातात द्यायला लागला.

आता दोरीच्या टिकण्याबद्दल, कारण बहुतेक जण हेच विचारतात. पहिल्या दोरीचा हुक सोळाव्या दिवशी तुटला, वरून पितळी मुलामा आणि आत कसलातरी ठिसूळ धातू, दिसायला भारी होता. नशीब अंगणात होतो. विकणाऱ्यानं बदलून दिली नाही, मग मी हार्डवेअरच्या दुकानातून जाड स्टीलचा फिरता हुक ६० रुपयाला आणून चांभाराकडून शिवून घेतला, तो अजून आहे. तुम्ही पण पहिल्या दिवशी हुक बघा, दोरी नंतर. दुसरं, टोकाला हातात धरायला फास शिवलेला असतो तो कापून टाका, दोरी मागं ओढत चालली की तो फास बाभळीच्या खुंटाला, तुरीच्या खोडाला अडकतो. नायलॉन पावसाळ्यात लई त्रास देते, आमच्या काळ्या रानात भिजलेली १५ मीटर दोरी चिखलानं दुप्पट जड होते, रोज हौदात धुवून वाळत घालावी लागते. दिवाळीनंतर गोखरूचे काटे आणि कुसळं विणीत घुसतात ती बोटाला टोचतात. परत घ्यायची झाली तर मी वरून प्लास्टिकचा थर असलेली घेईन, महाग असते पण पुसली की झालं.

पिकाचं पण गणित असतं. सोयाबीन उभं असताना दोरी रानात नेता येत नाही, आबा लगेच म्हणायचे, "रोपं मोडायलीस का शिकवायलीस?" आणि ते खरं होतं. म्हणून जुलै ते सप्टेंबर सगळं पडीक माळावर आणि धुऱ्यावर केलं, सकाळी सहा ते साडेसहाच्या मधी, पण पंधरा मिनिटांच्या वर नाही. खरी परीक्षा ऑक्टोबरमधी, सोयाबीन निघाल्यावर. रान उघडं पडतं, ससे दिसायला लागतात, आणि कारवान हे नजरेनं शिकार करणारं कुत्रं आहे, नाकानं नाही. माणसाला साधारण १८० अंशातलं दिसतं, अशा लांबट डोक्याच्या कुत्र्यांना २७० अंशांपर्यंत. आपल्याला दिसायच्या आधी त्याला दिसलेलं असतं.

इथं मी खरं तेच लिहिते, ससा पळायला लागला आणि बाज्या त्याच्या मागं लागला की शिट्टी चालत नाही. सात महिन्यांनी पण नाही. पण सुटायच्या आधी दोन सेकंद मिळतात. तो थबकतो, कान मुळातून उभे राहतात, शेपटी पाठीच्या रेषेत येते, पुढचा एक पाय किंचित उचलतो. त्या दोन सेकंदात शिट्टी मारली तर दहातल्या आठ वेळा वळतो. म्हणजे कुत्र्याइतकंच मला त्याच्याकडं बघायला शिकावं लागलं, माळावर मी मोबाईल खिशातून काढतच नाही. काही जण म्हणतात, कारवानला ससा धरू द्यावा, त्याची जातच ती. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सशाची शिकार गुन्हा आहे, आणि मला स्वतःला पण ते नको आहे.

येळवशीचा दिवस सांगते. बाहेरच्यांना माहीत नसेल तर, वेळ अमावस्येला आमच्या लातूर-धाराशिवकडं सगळं गाव शेतात असतं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, पांडवांची पूजा, भज्जी म्हणजे सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी, आंबील, उंडे. आमच्याकडं पंचवीसेक माणसं होती, पोरंच दहा. बाज्याला मी आठ मीटरची दोरी मागं सोडून मोकळं ठेवलं होतं. जेवणं चालू असताना शेजारच्या हरभऱ्याच्या कडेनं मेंढपाळाची मेंढरं आली, आणि बाज्या थबकला. पाय उचलला. माझ्या एका हातात आंबिलीचं मडकं, दुसऱ्या हातानं गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली, पीप-पीप. मधी साठ-सत्तर पावलं असतील, दोरीवर पाय द्यायला कुणी नव्हतं. तो वळला. सुरवातीला हळू, एकदा मागं बघितलं, आणि मग पोटाला जमीन लागेल असा पळत येऊन सरळ माझ्या गुडघ्याला धडकला, अर्धी आंबील सांडली. खिशात कलेजी नव्हती म्हणून भज्जीतले दोन वाटाणे धुवून दिले, ते पण त्यानं खाल्ले. आबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी मागायला आले, "मला पण वाजवून बघू दे जरा."

सध्या दोरी कापून पाच मीटरची केली आहे, नुसती मागं घसरत असते. घराजवळ आणि माळावर तिची गरज नाही. हायवेच्या बाजूच्या रानात मात्र मी ती अजून काढलेली नाही आणि तो दोन वर्षांचा होईपर्यंत काढणार पण नाही. दुसऱ्या कुत्र्याशी खेळायला लागला की अजून तिसऱ्या-चौथ्या शिट्टीला येतो, ते बरोबर नाही, एका शिट्टीला यायला पाहिजे, म्हणून शेजारच्यांची कुत्री रोज संध्याकाळी दहा मिनिटं अंगणात घेऊन त्याच्यावर काम चालू आहे, परत पाच पावलांपासून.