ओपनस्निच: ऑफिसच्या पीसीवर काही महिने वापरल्यानंतर

नौपाड्यात आमचं टॅक्स कन्सल्टन्सीचं छोटं ऑफिस आहे. पीसी उबुंटूवर (लिनक्सची एक आवृत्ती) चालतात आणि त्यांत क्लायंटचे पॅन, बँक स्टेटमेंट, भाडेकरार असं सगळं असतं. यातलं कुठलं सॉफ्टवेअर परस्पर बाहेर कुणाशी बोलतं हे मला माहीत असायलाच हवं, म्हणून दिवाळीनंतर ओपनस्निच हे फायरवॉल (कनेक्शनवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. मोफत आणि ओपन सोर्स आहे. मॅकवरच्या लिटल स्निचच्या धर्तीवर बनलेलं. उबुंटूचा स्वतःचा फायरवॉल, यूएफडब्ल्यू, चालू केला तरी तो आत येणारं अडवतो, बाहेर जाणारं मात्र सोडतो. ओपनस्निच बाहेर जाणारं थांबवून विचारतं: हा प्रोग्राम, हा पत्ता, हा पोर्ट (त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक), जाऊ द्यायचं का, आणि एकदाच, रीस्टार्टपर्यंत की कायमचं?

सुरुवातीला पॉप-अपचा भडिमार होतो. "सर, परत आला," हे आमच्याकडे दिवसभर चालायचं. पण बहुतेक गोष्टी साध्या निघाल्या. नेटवर्क मॅनेजर उबुंटूच्या सर्व्हरला विचारून नेट चालू आहे का बघतो, फायरफॉक्स 'डिटेक्टपोर्टल'ला विचारून वाय-फायचं लॉगिन पान आडवं येतंय का ते तपासतो, घड्याळ यूडीपी 123 या पोर्टवर वेळ जुळवतं. 224.0.0.251 हा पत्ता बघून दचकू नका; प्रिंटर वगैरे शोधण्यासाठीची ती लोकल नेटवर्कमधलीच हाक असते.

खरा प्रश्न एका पीडीएफ प्रोग्रामचा होता. कुठलीही फाइल उघडली की त्याच क्षणी एका अनोळखी पत्त्यावर कनेक्शन. हूइज केलं (पत्ता कुणाच्या नावावर आहे ते बघितलं) तर क्लाउड कंपनीचं नाव, म्हणजे हाती काहीच नाही. मग नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारं वायरशार्क लावलं. मजकूर एन्क्रिप्टेड, पण टीएलएसच्या (एन्क्रिप्टेड कनेक्शनच्या पद्धतीच्या) पहिल्या हॅलोमध्ये सर्व्हरचं नाव सहसा उघड दिसतं. त्यावरून कळलं की हा वापराची आकडेवारी गोळा करणारा सर्व्हर. चाचणीसाठी मुद्दाम कित्येक एमबींचं स्कॅन उघडलं. बाहेर गेले जेमतेम काही केबी. म्हणजे निदान अख्खी फाइल तरी जात नव्हती. फाइलचं नाव जात होतं का, हे मात्र यातून सिद्ध होत नाही, आणि क्लायंटच्या फाइलला त्याचंच नाव असतं! सेटिंग्जमध्ये खोलवर ही आकडेवारी पाठवण्याची खूण आधीपासून लावलेली सापडली. ती काढल्यावर कनेक्शन बंद झालं, तरी नकाराचा कायमचा नियम मी ठेवलाच आहे. पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरने हे आधी विचारायला हवं होतं.

एक उणीव गंभीर आहे. पायथनला (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला) एकदा सरसकट परवानगी दिली की पायथनमधली कुठलीही स्क्रिप्ट त्याच दारातून जाते. अशा वेळी नियमात पूर्ण कमांड लाइन, म्हणजे स्क्रिप्टच्या नावासकट अख्खा आदेश, घालायची. ब्राउझरचंही तेच; आतल्या एक्स्टेंशनवर याची नजर पोचत नाही.

आता पॉप-अप क्वचितच येतो, बहुधा नवं काही टाकलं की. विंडोजवाल्यांनी अशाच कामासाठी पोर्टमास्टर किंवा सिम्पलवॉल बघावं. अडवायचं नसून नुसतं बघायचं असेल तर विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं टीसीपीव्ह्यू पुरेसं आहे.