शामानी डफ आणि ऑनलाईन कोर्स: एक पावसाळा काढल्यावरचा अनुभव

शामान म्हणजे सैबेरियासारख्या मुलखातले, ढोलाच्या तालावर तंद्रीत जाऊन आत्म्यांशी बोलणारे भगत. त्यांच्या नावावर आता ऑनलाईन कोर्स निघालेत: डोळ्यांवर पट्टी बांधून ढोल ऐकत पडायचं, मनातल्या मनात खालच्या जगात उतरायचं, तिथं आपला राखणदार प्राणी भेटतो म्हणे. मी साडेसहा हजाराला कॉम्बो घेतला, म्हणजे कोर्स, ऑडिओ आणि शेळीच्या कातड्याचा डफ. एवढं लिहायला बसलोय ते फक्त त्या कातड्यापायी.

आमच्या खानापूरकडं पाऊस म्हणजे काय ते बेळगावकरांना सांगायला नको, जांबोटी-कणकुंबीचा तर विषयच नाही. जूनच्या शेवटाला डफ गेला. थाप मारली की नुसतं भप्प. कोर्समध्ये मिनिटाला दोनशेच्या वर ठोके एका लयीत पाहिजेत म्हणतात, इथं ठोकाच उठेना. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे नॅचरल मटेरियल आहे सर, वॉरंटीत बसत नाही, ऊर्जा जड झाली असेल, धूप दाखवा. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवला, परत तेच. साडेसहा हजार घेताना ऊर्जा हलकी होती वाटतं.

शेवटी गल्लीतल्या हलगीवाल्या मामांना दाखवला. त्यांनी बोटानं कडेकडेनं दाबून बघितलं, म्हणाले, "धूप कशाला ओ, जाळ दाखवा की." पेपर पेटवून लांबूनच फिरवत फिरवत शेकला, मधे मधे टिचकी मारून बघायचे, आणि दोन-चार मिनिटांत टणटणीत! आता गंमत बघा, सैबेरियातले शामान पण विधीच्या आधी ढोल आगीवर शेकून घेतात. ज्यांच्या नावावर धंदा चाललाय त्यांची ही साधी गोष्ट अख्ख्या कोर्समध्ये कुठंच नाही. तिकडं 1930 च्या सुमारास सोव्हिएत सरकारनं शामानांचे ढोल जप्त केले, त्यावर मात्र एक आख्खा रडका व्हिडिओ आहे.

कोर्सबद्दल माझं मत दोनदा बदललं. आधी वाटलं सगळा बनाव. मायकेल हार्नर नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ अॅमेझॉनकडच्या शुआर आणि कोनिबो लोकांत राहून आला, तिथं त्यानं आयाहुआस्का नावाचा, भास घडवणारा झाडपाल्याचा काढा घेतला, आणि नंतर लोकांना शिकवताना काढ्याऐवजी ढोल पुढं केला. 1980 च्या त्याच्या पुस्तकावरच हा सगळा डोलारा उभा आहे. पण इअरफोन घालून पडायला लागल्यावर खरंच डोकं शांत व्हायला लागलं, झोप सुधारली, त्यामुळं मधे मी पाच स्टार देऊन बसलेलो. ग्रुपवर सगळ्यांना लांडगा नाहीतर गरुड भेटतो, मला गवा भेटला. जांबोटी रोडला गाडीपुढं आलेला तोच असणार, त्यात देव-बिव काही नाही असं माझं मत, पण भेटला की बरं वाटतं हे पण खरं.

मग आईनं विचारलं, रोज पडून काय करालायस? सांगितलं. आमच्याकडं सौंदत्तीची यल्लम्मा देवी, तिच्यापुढं वाजणारं चौंडकं, तिला वाहिलेले जोगती, हे आईनं लहानपणापासून बघितलेलं. ती म्हणाली, "अंगात आलं की माणूस दुसऱ्याच्या अडचणीवर बोलतं, तू स्वतःचंच बघत पडतोस की रे." ह्यावर काय बोलणार. म्हणून आपलं सगळं चांगलं असं पण नाही हां, यल्लम्माच्या नावानं पोरी सोडायची प्रथा बंद करायला कर्नाटकाला 1982 मध्ये कायदा करावा लागला, तो पण अख्खा पाळला गेला नाही. पण अंगात आलेल्याला चारचौघांत प्रश्न विचारतात, सांगितलेलं खोटं निघालं तर गाव बोलून दाखवतं. ह्या कोर्सात तुमचा गवा काय म्हणाला ते तपासणारं कोणीच नाही, ग्रुपवर नुसते हात जोडलेले इमोजी.

तर सध्या तीन स्टार. एक कापला कातड्याचा, एक कस्टमर केअरचा. कॉम्बो घेऊ नका, नुसते ऑडिओ अठराशेला मिळतात, तेवढे बास. डफ पाहिजेच असेल तर प्लास्टिकच्या पडद्याचा घ्या, बाहेरच्या देशात बरेच जण तोच वापरतात. माझा विकायला काढलाय, दिवाळीनंतर या, तेव्हा वाजतो चांगला.