लडाखला कधी जावं: मे अखेर की जून अखेर?

लडाखचं नक्की झालं, रजेचंही जमतंय, पण तिकीट मेच्या शेवटच्या आठवड्यातलं काढायचं की जूनच्या, इथे गाडी अडते. मी दोन्ही वेळा जाऊन आलोय, त्यामुळे थोडं सांगता येईल. विरळ हवा, पहिले दोन दिवस लेहमध्ये पडून राहणं, भरपूर पाणी पिणं हे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

नुसत्या तापमानावर जाऊ नका. लेहमध्ये मे अखेरीस दुपारी साधारण १७-१८ अंश असतं, जून अखेरीस २२-२४. वर्षाचा सगळा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर, म्हणजे कागदावर दोन्ही महिने कोरडेच. खरी फसगत आहे ती मोबाईलवरच्या अंदाजात. तो लेह शहराचा असतो, ३,५०० मीटरवरचा. नुब्रा खोऱ्याच्या वाटेवरचा खारदुंग ला ('ला' म्हणजे खिंड) आहे ५,३५९ मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले तरी वर बारा अंश कमी. लेहमध्ये चार थेंब पडले की खिंडीत बर्फच पडतो. आणि मेमध्ये पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणारी वादळं, पुरते ओसरलेले नसतात. दोन दिवस लख्ख ऊन, तिसऱ्या दिवशी आभाळ, हे चालूच असतं.

जून अखेरच बरी, हा माझा निर्णय ज्यामुळे झाला ती गोष्ट इथलीच. मेमध्ये आम्ही नुब्रा खोऱ्यात हुंदर गावी दोन रात्री राहिलो. परतीच्या सकाळी वाळूच्या टेकड्यांवर इतकं छान ऊन होतं, की जाकीट काढून कमरेला बांधलं होतं. खारदुंग गाव मागे टाकलं आणि खिंडीखालच्या नॉर्थ पुल्लू या चौकीला गाड्यांची रांग दिसली. रात्री खिंडीत बर्फ पडला होता. आमचा ड्रायव्हर मोबाईल बघतच नव्हता. तो वरच्या वळणाकडे बघत उभा होता. समोरून एखादा ट्रक टपावर बर्फ घेऊन खाली उतरला की रस्ता मोकळा झाला समजायचं, असं तो म्हणाला. चार वाजेपर्यंत एकही ट्रक उतरला नाही. श्योक नदीच्या काठाने दुरबुकला जाऊन दुसरीकडून लेह गाठता येतं, पण त्या वाटेवर चांग ला आडवा येतो. तोही तेवढाच उंच, आणि त्या दिवशी तोही बंद. आम्ही परत खाली हुंदरला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लेहहून आमचं विमान आमच्याशिवाय गेलं. दुपारी दरीत वारा सुटतो म्हणून तिथली विमानं बहुतेक सकाळीच उडतात. सकाळ चुकली की दिवस गेला.

थंडी सोसता येते. पहाटे नळात पाणी गोठलेलं होतं तेव्हा होमस्टेच्या आमा-लेंनी (लडाखीत आईला आदराने असं म्हणतात) तापवलेल्या पाण्याची बादली दाराशी आणून ठेवली, आणि त्याची आठवण आजही गोडच आहे. पण कधी सुटका होणार हेच कळत नाही, ते बसून राहणं मला सोसलं नाही.

जूनलाही स्वतःची कटकट आहे. ऊन वाढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर ओढे फुगतात. पँगाँगच्या वाटेवर तांगत्सेच्या पुढे पागल नाला आहे. सकाळी आम्ही तो ओलांडला तेव्हा पाणी अर्ध्या चाकाएवढंही नव्हतं. संध्याकाळी तिथूनच परतणारे लोक गाड्या थांबवून उभे असलेले दिसले, पाणी गढूळ आणि तळाचे दगड गडगडत चाललेले. आम्ही तळ्याकाठी राहिलो आणि पहाटे साडेपाचला निघालो. रात्रीच्या गारठ्याने वितळणं थांबलेलं असतं, नाला पुन्हा शांत होता. जूनचा त्रास असा वेळ सांगून येतो, आणि ती वेळ चुकवता येते.

आता मेच्या बाजूनेही बोलायला हवं. लेहसमोरच्या स्तोकच्या डोंगररांगेवर बर्फ खूप खालपर्यंत असतो, फोटो मेमधलेच जास्त चांगले येतात. गर्दी कमी. गावागावात पेरणी आणि पाटाच्या पाण्याची पाळी चाललेली असते. वरचा बर्फ अजून वितळायचा असतो, म्हणून पाण्याची खरी ओढ याच दिवसांत. हिवाळ्यातलं पाणी बर्फाच्या सुळक्यात साठवायचा आइस स्तूपाचा प्रयोग त्यातूनच आला. हे बघायचं असेल तर मेला पर्याय नाही. जूनमध्ये तीच शेतं जवाने हिरवी होतात. उघड्या तपकिरी डोंगराखाली ती हिरवी पट्टी मला जास्त आवडली, पण हा आवडीचा भाग झाला.

जून अखेर म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. तोवर झंझावात बरेचसे ओसरलेले असतात आणि पावसाळ्याची झळ अजून लागलेली नसते. फार पुढे ढकलू नये. ऑगस्ट २०१० मधली लेहची ढगफुटी अनेकांना आठवत असेल. जुलै २०२४ मध्ये तर उष्म्यामुळे लेहची विमानं रद्द झाली. आधीच विरळ हवा तापून आणखी विरळ झाली की विमानाला उचल मिळत नाही.

ज्यांना अटल बोगद्यातून मनालीमार्गे गाडीनेच जायचंय त्यांच्यासाठी प्रश्न सोपा आहे. त्या वाटेवरचा बारालाचा ला मे अखेरीस उघडला असेलच याची खात्री नसते. जून अखेरीस तो रस्ता सहसा चालू असतो.

सुट्ट्यांमुळे मेच शक्य असेल तर जरूर जा, फक्त क्रम बदला. नुब्रा आणि पँगाँग आधी उरका आणि विमानाच्या आधीच्या दोन रात्री लेहमध्येच ठेवा. जूनमध्ये मला एक पुरली.