दोन देशांचा निधी, एकच शोधनिबंध: ओपन ॲक्सेसची कोणती अट धरायची?

नंदुरबारमधला सिकलसेल असो की जळगावची केळी, प्रकल्पाला भारताबरोबर परदेशाचाही निधी असेल तर निबंध खुला करण्याच्या, म्हणजे कुणालाही मोफत वाचता येईल असा ठेवण्याच्या (ओपन ॲक्सेस) अटीही दोन होतात. कोणती धरायची हे निबंध नियतकालिकाकडे पाठवण्याआधी ठरवा. स्वीकृतीनंतर कॉपीराइटच्या फॉर्मवर सही झाली की वाट अडते.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचं (डीबीटी-डीएसटी) २०१४ चं धोरण सैल आहे. स्वीकृतीपासून दोन आठवड्यांत लेखकाची स्वीकृत प्रत (समीक्षकांच्या दुरुस्त्यांनंतरची, पण प्रकाशकाने मांडणी करण्याआधीची) संस्थेच्या ऑनलाइन भांडारात किंवा या विभागांच्या सायन्स सेंट्रल या भांडारावर जमा करायची. ती खुली व्हायला विज्ञानात ६ महिने, सामाजिक शास्त्रांत १२ महिने थांबता येतं. प्रकाशनशुल्क मात्र मिळत नाही.

युरोपीय संघाच्या होरायझन या संशोधन-निधी कार्यक्रमात थांबायला जागाच नाही. प्रकाशनाच्या दिवशीच निबंध सीसी बाय परवान्यासह (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारा परवाना) खुला हवा; हायब्रिड, म्हणजे वर्गणीचं असून शुल्क भरल्यास एखादा निबंध खुला करणाऱ्या नियतकालिकाचं शुल्क अनुदानात धरत नाहीत, आणि अट मोडली तर अनुदान कापलं जाऊ शकतं. अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था एनआयएच हिनेही १ जुलै २०२५ पासून स्वीकारलेल्या निबंधांसाठी १२ महिन्यांची जुनी सवलत काढली. प्रत पबमेड सेंट्रल या तिथल्या भांडारावरच लागते, सीसी बायची सक्ती नाही.

दोन्ही अटी लागू असतील तर निबंध कधी खुला करायचा यासाठी कडक अट धरा, सैल मुदत तिच्यात आपोआप बसते; प्रत मात्र दोन्हींनी सांगितलेल्या भांडारांत जमा करा. निबंध पाठवतानाच आभाराच्या परिच्छेदात अनुदान क्रमांकासह लिहा: ‘या निबंधाच्या लेखकस्वीकृत प्रतीला सीसी बाय परवाना लागू आहे.’ प्रकाशकाला हे चालणार नसेल तर तेव्हाच कळतं, आणि दुसरं नियतकालिक निवडायला वेळ मिळतो.

हमखास चूक होते ती फाईलची. नियतकालिकाशी पत्रव्यवहार परदेशी सहलेखकाकडे असतो, आपल्याकडे येते ती प्रकाशकाने मांडलेली पीडीएफ, आणि वर्गणीच्या नियतकालिकाची ती पीडीएफ भांडारात टाकायला सहसा परवानगी नसते. समीक्षकांच्या दुरुस्त्यांनंतरची वर्ड फाईल स्वीकृतीच्या दिवशीच मागून घ्या.

२०२५ पासूनच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे हे काम टळत नाही. केंद्राने नियतकालिकांची एकत्रित वर्गणी भरण्याची ६,००० कोटींची ही योजना सरकारी संस्थांतल्या वाचकांसाठी आहे. तुमचा निबंध तिने जगाला खुला होत नाही. रावेरच्या केळी बागायतदाराला आपल्याच पिकावरचा निबंध वाचायचा असेल, तर भांडारात टाकलेली प्रतच त्याच्या हाती लागेल.