जुन्या सागवानी कपाटाला वॉटर बेस इनॅमल: रंग झकास, दारं डोक्याला ताप

मे महिन्यात हा थिनरऐवजी पाण्यात कालवायचा रंग दिला तेव्हा भेटेल त्याला ‘हाच घ्या’ म्हणून सांगत सुटलो होतो. आता दिवाळी झाल्यावर म्हणतो, जरा दमानं घ्या.

कपाट बेडरूममधलं, आजोबांच्या वेळचं. चपडीचं, म्हणजे लाखेचं पॉलिश पार काळवंडलेलं. ऑइल पेंट नको होता, कारण फिका ऑइल पेंट उजेड न लागणाऱ्या जागी पिवळा पडतो. देवघराच्या दाराची आतली बाजू आमच्याकडं हळदीत बुडवल्यासारखी झालीय. या रंगाला अजून तरी तसं काही नाही. वासही नाही, रात्री त्याच खोलीत झोपलो.

पेंटर जाणता निघाला. लातूरच्या मेमध्ये ब्रश पुढं सरकेपर्यंत मागचं सुकतं आणि रेघा राहतात, म्हणून दुपारी डबा बंद. घासताना जिथं उघडा साग लागला, तिथं प्रायमरमधून तपकिरी डाग वर आले. त्यावर चपडीचा हात मारल्यावर थांबले.

‘थिनर नको, ब्रश पाण्यानं धुवा’ हा म्हणे फायदा! २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात नळाखाली ब्रश धरवत नाही हो. बादलीतच खळबळले. थिनरचे पैसे वाचले, हे मात्र खरं.

आता दारं. पावसाळी दमटपणा सुरू झाला आणि दोन्ही दारं चौकटीला चिकटली. ओढलं की चर्रर्र आवाज, आणि एक दिवस कडेचा पापुद्राच निघून आला. बायको म्हणाली, “एवढं रंगवून कपाट उघडंनाच की!” दुकानदाराकडं गेलो तर म्हणाला, “सर, लाकूड फुगलंय.” लाकूड फुगलं असेलही, पण रंगाला रंग चिकटला त्याचं काय? डब्यावर सुकायची वेळ मोठ्या अक्षरात, आणि आतून पुरता कडक व्हायला आठवडे लागतात हे कुठंतरी कोपऱ्यात. तोवर दारं किंचित उघडी ठेवायची, हे विकताना सांगायला काय जात होतं?

शेवटी पेंटरनंच पापुद्रा घासून पुन्हा हात मारला, आणि नीट वाळल्यावर कडांना साधी मेणबत्ती चोळली. तेव्हापासून दारं सुटतात. थंडीत तर आवाजही नाही, त्यामुळं माझा रागही निम्म्यावर आलाय. पण डबा विकणाऱ्यानं मेणबत्तीही द्यावी, या मतावर मी ठाम आहे.

आता पलंगही रंगवायचं घरात ठरतंय. पलंगाला दारं नसतात, म्हणून मी हो म्हटलंय.