डॉज डार्टच्या पावणेनऊ इंची ॲक्सलसाठी साडेचार इंची पॅटर्नचे नवे शाफ्ट: सेटमध्ये काय मिळतं, काय राहतं

आधी निकाल सांगतो. गाडीखाली पावणेनऊ इंची डिफरेन्शियल (मागच्या ॲक्सलमधली गिअरची जोडणी; हे माप तिच्या मोठ्या गिअरच्या व्यासाचं) असेल आणि पुढच्या चाकांना १९७३ ते ७६ च्या मॉडेलचे, म्हणजे साडेचार इंची पॅटर्नचे, डिस्क ब्रेक बसलेले असतील किंवा बसवायचे ठरले असेल, तर मोठ्या पॅटर्नच्या, म्हणजे चाकाचे स्टड साडेचार इंचाच्या वर्तुळावर असलेल्या, नव्या शाफ्टचा तयार सेट घेण्यासारखा आहे. मागे सव्वासात इंची ॲक्सल असेल तर त्यावर हा खर्च करू नये. त्याचं कारण पुढे येईल.

क्रायस्लरच्या ए-बॉडी गाड्या, म्हणजे डार्ट, व्हॅलियंट, बॅराकुडा, डस्टर, यांच्या बहुतेक मॉडेलना पाच स्टड चार इंचाच्या वर्तुळावर येतात. म्हणजे १०१.६ मिलिमीटर. या मापाची चांगली चाकं आता मोजकीच मिळतात. साडेचार इंच, म्हणजे ११४.३, हे माप मात्र फोर्ड, जीप, टोयोटा अशा सगळ्यांनी वापरलेलं, त्यामुळे चाकांचा तुटवडा नाही. मधला मार्ग म्हणून काही जण ५ बाय १०० ची चाकं चढवतात. हातानं ढकलली की बसल्यासारखी वाटतात, पण प्रत्येक स्टड ०.८ मिलिमीटर बाहेरच्या बाजूला राहतो. नटाचा कोन एकाच अंगाला टेकतो, स्टडवर वाकवणारा ताण येतो आणि नट सैल होत राहतात. हे करू नका.

अडॅप्टरही या गाडीला मानवत नाहीत. इंचभर जाड अडॅप्टर लावला की दोन्ही चाकं पंचवीस मिलिमीटर बाहेर येतात. ए-बॉडीच्या मागच्या मडगार्डमध्ये तेवढी जागा नाही. खड्ड्यात टायर पत्र्याच्या कडेला घासणारच.

गाडीखाली कोणता ॲक्सल आहे हे आधी ओळखा. मागच्या बाजूला नऊ बोल्टचं झाकण असेल तर सव्वासात, दहा बोल्टचं असेल तर सव्वाआठ. झाकणच नसेल आणि गिअरचा गोळा पुढून निघत असेल तर पावणेनऊ. सव्वासातचा जीव लहान असतो. त्यावर नवे शाफ्ट आणि ड्रम यांचा खर्च करण्यापेक्षा मोठ्या पॅटर्नचा अख्खा सव्वाआठ इंची ॲक्सल शोधलेला बरा. मात्र त्याची नळी अडीचऐवजी तीन इंची असते. म्हणून यू-बोल्ट आणि शॉकच्या खालच्या प्लेटा बदलाव्या लागतात. प्रोपेलर शाफ्टची लांबीही मोजून घ्यावी लागते. फोर्ड एक्स्प्लोररचा ८.८ इंची ॲक्सल हा तिसरा पर्याय, पण त्याची नळी कापून जोडावी लागते, आणि ते काम वेल्डिंगवाल्याच्या हाताच्या भरवशावर.

जुन्याच शाफ्टला नवी भोकं पाडून घेण्याचा स्वस्त मार्गही आहे. मोझरसारखे शाफ्ट बनवणारे हे काम करत आले आहेत. इथे एक गणित लक्षात ठेवा. नव्या भोकाचं केंद्र जुन्यापेक्षा फक्त ६.३५ मिलिमीटर बाहेर जातं, म्हणून त्याच रेषेत पाडलं तर दोन भोकं एकमेकांत मिसळतात. नवी भोकं ३६ अंश फिरवून दोन जुन्या भोकांच्या बरोबर मध्ये घ्यावी लागतात. तिथे फ्लँजचं, म्हणजे शाफ्टच्या टोकाला स्टड बसतात त्या चकतीचं, हत्यार घालायचं भोक आड येतं का ते तपासा. नव्या भोकाबाहेर कडेपर्यंत पुरेसं लोखंड उरतं का, हेही स्टड ठोकण्याआधी मोजा. एका फ्लँजला दहा भोकं पडलेली असतात, एवढं ध्यानात ठेवून गाडीत ताकदवान इंजिन असेल तर नवे शाफ्टच घ्यावेत.

तयार सेटमध्ये ए-बॉडीच्या लांबीचे, ३० स्प्लाइनचे (आतल्या टोकाला गिअरमध्ये अडकणाऱ्या खाचांचे) दोन शाफ्ट, अर्धा इंची २० आट्यांचे स्टड आणि बहुधा प्रेस केलेली बेअरिंगं येतात. पार्सल उघडल्यावर आधी शेजारच्या दोन स्टडचं केंद्र ते केंद्र अंतर कॅलिपरनं मोजा. ६७.२ मिलिमीटर हवं. ५९.७ भरलं तर जुन्याच पॅटर्नचे शाफ्ट आले आहेत.

सेटची खरी उणीव बेअरिंगमध्ये आहे. बहुतेक विक्रेते 'ग्रीन' नावाचं सीलबंद बॉल बेअरिंग देतात. ते बसवायला सोपं, त्याला ॲडजस्टमेंट लागत नाही. सरळ पट्ट्यावर शर्यतीत पळणाऱ्या गाडीला ते छान. रस्त्यावर वळणं घेणाऱ्या गाडीत बाजूचा रेटा पेलायला मूळचं टेपर रोलर बेअरिंगच बरं. ऑर्डर देतानाच तसं सांगा, कारण एकदा प्रेस झालेलं बेअरिंग काढताना ते सहसा निकामी होतं.

टेपर बेअरिंग घेतलं तर ढिलाईचं माप आपल्याला लावावं लागतं. दोन शाफ्टच्या मध्ये थ्रस्ट ब्लॉक (दोघांची टोकं टेकतात तो ठोकळा) असतो, त्यामुळे उजवीकडच्या ॲडजस्टरनंच दोन्ही बाजूंची ढिलाई ठरते. म्हणून डावा शाफ्ट आधी पूर्ण बसवायचा, मग उजवा. डायल गेज फ्लँजला लावून ०.००८ ते ०.०१८ इंच, म्हणजे साधारण ०.२ ते ०.४५ मिलिमीटर, एवढा खेळ ठेवा. फ्लँजला रबरी हातोडीचे ठोके देऊन बेअरिंग जागेवर बसवून मगच माप घ्या, नाहीतर आकडा खोटा येतो. खेळ अगदीच कमी ठेवला तर बेअरिंग तापून जातं.

काढण्या-घालण्याचं काम सोपं आहे. गाडी सपाट स्टँडवर ठेवा, ड्रम काढा, फ्लँजच्या भोकातून रिटेनरचे (बेअरिंग धरून ठेवणाऱ्या प्लेटचे) पाच नट सोडा आणि स्लाइड हॅमरनं शाफ्ट ओढा. गिअरचा गोळा काढायची गरज नाही. आतलं तेलाचं सील या वेळीच बदला. नवा शाफ्ट आत सरकवताना हातानं उचलून धरा. स्प्लाइन सीलच्या ओठावरून घासत गेली की सील कापलं जातं आणि पुढे गिअर ऑइल ब्रेकच्या लायनरवर उतरतं.

सेटमध्ये ड्रम येत नाहीत, आणि हिशेब इथेच चुकतो. जुन्या ड्रमना नवी भोकं पाडता येतात, पण बी-बॉडीचे (क्रायस्लरच्याच मोठ्या गाड्यांचे) दहा इंची, अडीच इंच रुंदीचे ड्रम आणि त्यांच्या बॅकप्लेट घेणं जास्त भरवशाचं. पुढे मात्र जुने नऊ इंची ड्रमच ठेवले, तर एवढ्या मोठ्या मागच्या ब्रेकमुळे मागची चाकं आधी लॉक होतील. पुढची चाकं चार इंची पॅटर्नवरच राहिली तर डिकीत दोन स्टेपन्या बाळगाव्या लागतील, हेही आलंच.

१९७० पर्यंतच्या गाड्यांत डाव्या बाजूचे स्टड उलट्या आट्यांचे असत. नव्या शाफ्टचे स्टड दोन्हीकडे सरळ आट्यांचे असतात, तेव्हा जुने नट पेटीतून काढून टाका. तसेही ते ७/१६ इंची, नव्या स्टडवर बसणार नाहीत. ॲल्युमिनियमच्या जाड चाकाला स्टड लांब लागतो. नट किमान दहा पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. चाकं ताऱ्याच्या क्रमानं कसा, ७५ ते ८५ फूट-पाउंड, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.