बाटल्यांची जुडी कशी बांधायची: गोंद-हँडल, श्रिंक की पुठ्ठा?

गेल्या काही महिन्यांत मला एकच व्हिडिओ चार जणांनी पाठवला. बिअरचे सहा कॅन, भोवती प्लास्टिक नाही, खाली पुठ्ठा नाही, वर फक्त एक पट्टी. कॅन एकमेकांना गोंदाच्या ठिपक्यांनी चिकटवलेले. पट्टी धरून उचललं की सहाच्या सहा वर येतात. एक कॅन पिळला की टक्‌कन सुटतो. पाठवणाऱ्यांपैकी एक जण कुडाळकडे कोकम सरबत करतो, एकीचा सोड्याचा छोटा प्लांट आहे, उरलेले दोघे पाण्याच्या धंद्यातले. चौघांचा प्रश्न एकच होता: आपल्याकडे हे जमेल का?

चौघांना मी वेगवेगळी उत्तरं दिली, कारण चौघांच्या बाटल्या वेगळ्या आणि त्यांचं गिऱ्हाईकही वेगळं. तसाच निर्णय तुमच्यासमोर असेल तर हे वाचा.

व्हिडिओतली वस्तू आधी समजून घेऊ. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीने २०१८ मध्ये ‘स्नॅप पॅक’ नावाने ती बाजारात आणली. तंत्र जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या केएचएस या यंत्र बनवणाऱ्या कंपनीसोबत विकसित केलेलं. आधीच्या मल्टिपॅकच्या तुलनेत प्लास्टिक ७६ टक्क्यांपर्यंत कमी होईल, असं कार्ल्सबर्गने तेव्हा जाहीर केलं. कॅनपुरतंच हे तंत्र राहिलेलं नाही. एव्हियन ब्रँडच्या पाण्याच्या पेट (पीईटी प्लास्टिकच्या) बाटल्याही याच पद्धतीने चिकटवून हँडल लावून विकल्या गेल्या आहेत. केएचएसचा कारखाना अहमदाबादलाही आहे, त्यामुळे हे परक्या मुलुखातलं स्वप्न आहे असं समजायचं कारण नाही. प्रश्न आहे तो तुमच्या बाटलीचा आणि तुमच्या बाटल्या भरण्याच्या लाइनच्या वेगाचा.

गोंद धरतो कसा, सुटतो कसा

दोन गोल बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्या एका उभ्या रेषेवरच एकमेकींना टेकतात. गोंदाला मिळते ती जागा एवढीच. म्हणून ठिपके वर आणि खाली अशा दोन उंचींवर लावतात. एकाच उंचीवर लावले तर तिथेच बिजागरी होते आणि उचलताना बाटल्यांचे तळ फाकतात.

दुसरी गोष्ट ताकदीच्या दिशेची. दोन पृष्ठभाग एकमेकांवरून सरकवायचे म्हटलं तर गोंद चांगला दम धरतो. तेच कडेकडून सोलत गेलं किंवा पिळलं की लवकर हार मानतो. सगळी युक्ती याच फरकावर उभी आहे. तीनच्या दोन ओळींत अर्ध्या लिटरच्या सहा बाटल्या घ्या. भरलेली जुडी तीन किलोच्या थोडी वर जाते. हँडल मधल्या जोडीला असेल तर बाहेरच्या चार बाटल्यांचं, म्हणजे दोन किलोंहून थोडं जास्त वजन फक्त ठिपक्यांवर लटकतं. ते खाली सरकू पाहतं आणि गोंद अडवतो. घरी गेल्यावर हाताने पिळ दिला की तोच गोंद मुकाट सोडतो. फार चिवट गोंद घेतला तर लेबल फाटतं, फार नाजूक घेतला तर दुकानाच्या पायरीवर बाटल्या सांडतात. या दोहोंमधली जागा अरुंद आहे, आणि यंत्राइतकेच पैसे ती जागा सापडेपर्यंतच्या चाचण्यांमध्ये जातात.

आता आपल्याकडच्या अडचणी. ओल्या पृष्ठभागावर गोंद बसत नाही. सोडा थंड भरला जातो, आणि कोकणातल्या हवेत भरलेली बाटली मिनिटभरात घामाने चिंब होते. बाटली कोमट करून, हवेच्या झोताने कोरडी केल्याशिवाय गोंदाला हात लावू नका. सरबत गरम भरत असाल तर नंतर पाण्याच्या फवाऱ्याखाली गार करता, तेव्हाही हाच प्रश्न. शिवाय गरम भरलेली पेट बाटली गार होताना आत ओढली जाते. त्यासाठी तिच्या अंगावर चौकटी दिलेल्या असतात, आणि त्या चौकटींवर ठिपका टाकला तर शेजारची बाटली त्याला टेकतच नाही. ठिपका खांद्याच्या किंवा तळाच्या कडक वळशावरच हवा.

साध्या पाण्याची पातळ बाटली या कामाला सर्वांत वाईट. ती दाबली की दबते, आणि दबली की ठिपका सोलला जातो. मोठ्या प्लांटमध्ये झाकण लावण्याआधी द्रव नायट्रोजनचा थेंब सोडून बाटली टणक करतात. सोड्याची बाटली आतल्या दाबाने आपोआपच टणक असते. कॅनचंही तसंच.

उन्हाचा विचार वेगळा करायला हवा. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरच पारा ४५ च्या वर जातो. बंद टेम्पोच्या आत तो कुठवर चढतो, हे माल पोचवणाऱ्यांना माहीत आहे. पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला आपण वापरतो त्यांपैकी काही हॉटमेल्ट (वितळवून लावायचे गोंद) ६० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतात. गोंदवाल्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. किती तापमानापर्यंत धरेल आणि फ्रीजमध्ये ठेवल्यावर तडकेल का, हे विचारा.

एका ओळखीच्या युनिटमध्ये हातातल्या ग्लू गनने हा प्रयोग झाला, मी तिथे होतो. पहिल्या दिवशी जुड्या देखण्या दिसत होत्या. आठवड्याने दुकानातून फोटो आले तेव्हा अर्ध्या जुड्या सुटलेल्या होत्या, उरलेल्यांची लेबलं चिकटून फाटली होती. हाताने ठिपक्याचा आकार, जागा आणि दाब एकसारखा राहत नाही. दोन बाटल्यांच्या भेट-पॅकला कदाचित चालेल, सहाला नाही.

हँडलचं गणित

पट्टी जितकी सपाट, तितका तिच्या टोकांवर ताण जास्त. वर ओढलेली पट्टी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर तिच्या प्रत्येक टोकावर अख्ख्या जुडीइतकं ओझं येतं. १५ अंशांवर ते जवळजवळ दुप्पट होतं. एक लिटरच्या बारा बाटल्यांचा बॉक्स म्हणजे १२ किलो. पट्टी ताठ लावली असेल तर प्रत्येक टोकावर २३ किलोंच्या आसपास ओढ. मग ‘टेप हलकी निघाली’ अशी तक्रार येते, आणि टेप बिचारी चांगली असते.

म्हणून पट्टीला मूठ सहज शिरेल एवढी ढील द्या, आणि टोकं जुडीच्या बाजूंवरून बरीच खाली उतरवा, म्हणजे ओढ सरकण्याच्या दिशेने पडेल. पट्टीच्या मध्यावर कागदाची किंवा फोमची गादी हवी. ती वाचवून जे पैसे मिळतात त्याची किंमत म्हातारी माणसं तळहातावर मोजतात. बाजारातून चालत घरी येणाऱ्या बाईला पाच मिनिटं ती पट्टी कापत राहते, आणि पुढच्या वेळी ती दुसऱ्या ब्रँडकडे वळते. हे मी अनेकींकडून ऐकलंय.

श्रिंक

श्रिंक म्हणजे बाटल्यांभोवती गुंडाळून तापवली की आकसणारी प्लास्टिकची फिल्म. महाराष्ट्रात पाण्याचा जवळजवळ प्रत्येक बॉक्स श्रिंकमध्येच येतो, आणि त्याला कारणं आहेत. फिल्म सगळीकडे मिळते, यंत्र दुरुस्त करणारा माणूस सापडतो, ओली बाटली चालते, दबकी बाटली चालते. फिल्म गार होताना आवळते आणि बारा मऊ बाटल्यांची एक घट्ट वीट होते. टेम्पोत थरावर थर रचता येतात. गोंदाच्या जुडीला हे जमत नाही. तिला बहुतेक वेळा खाली ट्रे किंवा थरांमध्ये पुठ्ठा लागतो, आणि वाचवलेल्या प्लास्टिकचा काही हिशोब तिथे परत जातो.

वाईट बाजूही खरी आहे. ज्या टनेलमधून जुडी जाऊन फिल्म आकसते, ते तापवायला थ्री-फेज वीज लागते. वीज गेली की आतली जुडी वाया जाते, आणि पुन्हा तापेपर्यंत माणसं बसून राहतात. फिल्म दुकानदार फाडतो आणि ती सरळ गटारात जाते. एसटी स्टँडमागे, किल्ल्यांच्या पायथ्याशी, समुद्रकिनाऱ्यावर ती मी उचललेली आहे आणि मला तिचा राग आहे. तरीही साध्या पाण्याच्या बाटलीला आज मी श्रिंकच सुचवतो. फिल्म शक्य तितकी पातळ घ्या, आणि वितरकाकडून ती गोळा करून परत आणण्याची सोय लावा. स्वच्छ, एकाच जातीची पॉलिथिन फिल्म भंगारात विकली जाते.

पुठ्ठा

काचेच्या बाटल्यांना माझं मत ठामपणे पुठ्ठ्याला आहे. काच काचेला आपटू नये म्हणून मध्ये आडपडदा हवा, आणि गोंदाचा ठिपका तो पडदा होऊ शकत नाही. सरबताचं सिरप साखरेमुळे पाण्यापेक्षा जड असतं. काचेचं वजन धरून ७०० मिलिलिटरची एक बाटली सव्वा किलोच्या पुढे जाते. अशा दोन-तीन बाटल्यांची हँडलवाली पुठ्ठ्याची टोपली मालवण किंवा पणजीच्या दुकानात भेटवस्तू म्हणून उठून दिसते, छापायला भरपूर जागा देते, आणि यंत्राशिवाय हाताने उभी करता येते.

शत्रू एकच, ओल. पावसाळ्यात गोदामात पुठ्ठा मऊ पडतो, आणि फ्रीजमधून काढलेल्या बाटलीखाली तळ सुटतो. तळाला आपोआप अडकणारी घडी असलेलं डिझाइन घ्या. नुसत्या चिकटवलेल्या तळावर भरवसा ठेवू नका.

कॅनसाठी युरोपात पुठ्ठ्याचाच आणखी एक प्रकार रुळतोय. माथ्यांवर बसणारी टोपी, तिला बोटांसाठी भोकं, आणि मधून जहाजाच्या कण्यासारखी खाली उतरणारी पट्टी. ग्राफिक पॅकेजिंग या कंपनीचा ‘कीलक्लिप’ हा त्यातला ओळखीचा नमुना, युरोपात कोका-कोला भरणाऱ्या कोका-कोला एचबीसीने तो वापरात आणला. कॅन गार-ओले असले तरी तो बसतो, म्हणून दमट हवेसाठी मला तो गोंदापेक्षा जवळचा वाटतो.

कॅनची डोकी एकत्र अडकवणाऱ्या प्लास्टिकच्या कड्या विचारातसुद्धा घेऊ नका. प्राण्यांच्या गळ्यात त्या अडकतात म्हणून अमेरिकेला त्या विघटनशील असण्याची सक्ती करावी लागली. परत येणाऱ्या काचेच्या बाटल्यांना क्रेटला पर्याय नाही, तिथे तुलना करत बसू नका.

छापायचं कुठे?

हा मुद्दा गोंदाच्या व्हिडिओत दिसत नाही, आणि इथेच लोक अडकतात. २०११ च्या वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियमांप्रमाणे एकाच वस्तूच्या अनेक नगांचा पॅक विकताना त्यावर नगांची संख्या आणि संपूर्ण पॅकची एमआरपी लागते. सुटे विकता येण्याजोगे नग असतील तर प्रत्येकावर त्याची स्वतःची माहितीही हवी. श्रिंकवर छापता येतं, पुठ्ठ्यावर तर प्रश्नच नाही. गोंदाच्या जुडीला अंगच नाही. सगळं हँडलच्या पट्टीवर बसवावं लागतं आणि पट्टी त्यासाठी रुंद करावी लागते.

बारकोडचंही तसंच. सुट्या बाटलीचा बारकोड बाहेर दिसत राहिला तर काउंटरवरचा मुलगा तोच मारतो, आणि सहा बाटल्या एका बाटलीच्या भावात जातात. बाटल्या फिरवून बारकोड आत वळवता येतो, पण त्यासाठी लाइनवर बाटली दिशेने लावणारी यंत्रणा लागते.

प्लास्टिकच्या ईपीआर नियमांत, म्हणजे बाजारात आणलेल्या प्लास्टिकची विल्हेवाट लावण्याच्या नियमांत, ब्रँड मालकावर जबाबदारी आहे, आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यातून सूट आहे. धंदा वाढून मध्यम वर्गात गेलात की फिल्मचा प्रत्येक किलो हिशोबात येईल. तेव्हा गोंदाचं पारडं आजच्यापेक्षा जड होईल.

जुडी सोडतो कोण?

माझ्या मते निर्णयाचं मूळ इथे आहे. युरोपात सहाची जुडी घरी जाऊन सुटते. आपल्याकडे बहुतेक माल किराणावाला सोडतो आणि एकेक बाटली विकतो. गोंदाची बाटली त्याच्या फळीवर ठिपक्यांसकट उभी राहते, ठिपक्याला धूळ लागते, आणि दोन दिवसांत नवी बाटली जुनी दिसू लागते. जो पॅक दुकानातच फुटणार आहे त्यावर गोंद वाया आहे.

सुपरमार्केट, टोलनाक्याजवळचे फूड मॉल, लग्नाच्या ऑर्डरी, पर्यटकांची दुकानं, इथे जुडी अख्खी हातात जाते. सोड्याच्या प्लांटवाल्या ताईंना मी म्हणूनच ‘नाही’ म्हटलं नाही. त्यांचा माल कॅनमध्ये जायचा आहे, भरणार दुसऱ्याची मोठी लाइन, आणि विक्री मॉलमध्ये. त्या लाइनवर गोंदाचं यंत्र बसणार असेल तर त्यांनी जरूर मागावं. कुडाळच्या मित्राला मी काचेसाठी पुठ्ठ्याची टोपली, आणि पेटसाठी श्रिंकवर गादीवालं हँडल एवढंच सांगितलं. पाणीवाल्या दोघांना श्रिंक, पण फिल्म परत घेण्याच्या अटीवर.

तरीही गोंदाचा नमुना हाती आला असेल तर वीस जुड्यांची चाचणी घ्या. पाच उन्हात उभ्या टेम्पोत दिवसभर, पाच फ्रीजमध्ये रात्रभर, पाच घाटातून नेऊन आणा, पाच दुकानदाराला हाताळायला द्या. नंतर प्रत्येकीतली एक बाटली आजीच्या हाताने पिळून सोडवून बघा, लेबल शाबूत राहतं का पाहा, आणि उरलेला ठिपका बोटाला चिकटतो का तेही.